दवाखाना कोणाचा?

अमरावतीत ‘इर्विनला भरती केले’ असे कोणी म्हटले की पुढे काही विचारावे लागत नाही. बाळंतपण असेल तर ‘डफरीन’, आणि अकोल्यास असाल तर त्याच कामासाठी ‘लेडी हार्डिंग’. सरकारी पाट्यांवर जिल्हा सामान्य रुग्णालय, जिल्हा स्त्री रुग्णालय अशी शुद्ध मराठी नावे लागून कितीतरी वर्षे झाली. परंतु वऱ्हाडी माणसाच्या जिभेवर एक व्हाइसरॉय आणि दोन व्हाइसरॉयपत्नी अजून ठाण मांडून आहेत. आम्ही बडनेरकर तर या नावांशी विशेष परिचित. रेल्वेच्या रुळांनी जुनी वस्ती आणि नवी वस्ती अशा दोन भागांत वाटल्या गेलेल्या या गावात दुखणे थोडे वाढले, की दहाएक किलोमीटरवरील ‘इर्विन’ची वाट धरायची, हा येथला पिढीजात शिरस्ता आहे.

नावे लक्षात राहिली, मालक मात्र लक्षात राहिले नाहीत. हा दवाखाना कोणाचा, तो कोण चालवतो, आणि तो नीट चालला नाही तर जाब कोणाला विचारायचा, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. मलाही ते सुचले नसते. काही वर्षांपूर्वी वऱ्हाडातीलच एका सार्वजनिक रुग्णालयात वडिलांना रात्री भरती करावे लागले. स्ट्रेचर मिळाले नाही. मी आणि धाकट्या भावाने त्यांना हातांवर उचलून जिना चढवला. दुसऱ्या दिवशी तक्रार कोठे द्यावी असे विचारीत हिंडत असता एका भिंतीवर रंगाने लिहिलेला फलक दिसला. वर शीर्षक होते ‘अभ्यागत समिती’, आणि खाली अध्यक्षांसह सदस्यांची नावे. त्यांपैकी एक गृहस्थ वारल्याचे मला ठाऊक होते. कार्यालयातील लिपिकाला विचारले, तर तो सरळपणाने म्हणाला, “नावं आहेत सर, पण कमेटी बसत नाही.”

मराठीच्या शिक्षकाला शब्दांचा चाळा असतो. ‘अभ्यागत’ हा शब्द त्या दिवसापासून मनात रुतून बसला. अतिथी-अभ्यागत अशी जोडी आपण पूर्वापार वापरतो. अभ्यागत म्हणजे दाराशी आलेला पाहुणा. त्याचा सत्कार करावा, त्याला चहापाणी द्यावे, आणि त्याने दोन गोड शब्द बोलून निघावे. ज्या समितीने रुग्णालयावर लोकांच्या वतीने नजर ठेवायची, तिला आपण पाहुण्यांची समिती असे नाव दिले आहे. हे नाव कसे आले, आणि त्यामागचा इतिहास काय, याचा थोडा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढे १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिले आणि १९०३ साली मध्य प्रांताला जोडले गेले. मधल्या पन्नास वर्षांत येथे कापूस, रेल्वे आणि कचेऱ्या एकामागोमाग आल्या. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने कापसाचा भाव चढला. त्याच दशकात मुंबई-नागपूर लोहमार्ग वऱ्हाडातून गेला आणि बडनेरा हे अमरावतीच्या कापसाचे दार बनले. याच सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानात जागोजागी ‘धर्मादाय दवाखाना’ नावाची संस्था उभी राहत होती. वऱ्हाडही त्याला अपवाद नव्हते.

या धर्मादाय दवाखान्याची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. तो पूर्णपणे सरकारचा नव्हता आणि पूर्णपणे गावाचाही नव्हता. डॉक्टर व देखरेख सरकारची. पैसा काही सरकारी, काही लोकल फंडातला, काही नगरपालिकेने दिलेला आणि काही व्यापाऱ्यांच्या वर्गणीचा. अशा मिश्र पैशाचा हिशेब ठेवण्यासाठी कमिटी हवी म्हणून कमिटी. तिच्या शिरोभागी जिल्ह्याचा अधिकारी, त्याच्या शेजारी सिव्हिल सर्जन, आणि उरलेल्या खुर्च्यांवर वर्गणी देणारे सावकार, जमीनदार, वकील, ही त्या काळची सर्वसाधारण रचना. रोगी कमिटीवर नसे, आणि तो तेथे असावा असे कोणाला वाटतही नसे. धर्मादाय म्हणजे दान; दान घेणाऱ्याने दात्याकडे हिशेब मागायचा नसतो. आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेच्या पायात हा ‘दाना’चा दगड बसला तो येथेच, असे मला वाटते.

१८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला. स्थानिक मंडळांत बिनसरकारी सभासद दोन-तृतीयांश तरी असावेत, आणि शक्य तेथे अध्यक्षही बिनसरकारी असावा, अशी त्याची दिशा होती. वऱ्हाडात या सुधारणा सावकाश उतरल्या. तरीही अमरावतीच्या सार्वजनिक जीवनात दादासाहेब खापर्डे, रंगनाथ नरसिंह मुधोळकर यांच्यासारखी वकीलमंडळी पुढे आली, त्यामागे हे नवे वारे होते. गटारे, दिवे, शाळा यांवर निवडून आलेल्यांचा हळूहळू काही अधिकार चालू लागला. दवाखान्याबाबत मात्र गोष्ट निराळी. नगरपालिकेने पैसा द्यावा आणि कारभार सिव्हिल सर्जनने पाहावा, ही वाटणी बराच काळ टिकली. वैद्यक ही तज्ज्ञांची विद्या, तेथे मतपेटीचे काय काम, हा त्यामागचा युक्तिवाद. तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. परंतु शस्त्रक्रिया कशी करावी हा तज्ज्ञांचा प्रश्न असला, तरी रात्री दार उघडे असावे की नसावे हा सर्वांचा प्रश्न आहे. या दोन प्रश्नांची गल्लत तेव्हापासून चालत आली.

‘डफरीन’ या नावाची कथा याच काळातली. व्हाइसरॉयपत्नी लेडी डफरीन यांनी राणी व्हिक्टोरियाच्या इच्छेवरून १८८५ मध्ये हिंदी स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची मदत मिळावी यासाठी निधी उभारला. वर मध्यवर्ती समिती, तिच्याखाली प्रांतिक शाखा, तिच्याखाली स्थानिक समित्या, असा त्याचा डोलारा. गावोगावची स्त्री-रुग्णालये या निधीच्या आश्रयाने उभी राहिली आणि पडदा पाळणाऱ्या हजारो स्त्रियांना प्रथमच डॉक्टरचा हात लाभला, हे श्रेय निःसंशय मोठे आहे. पण त्या रुग्णालयांत काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांचीच तक्रार होती, की त्यांच्यावर अधिकार चालतो तो पुरुष सिव्हिल सर्जनांचा आणि उच्चभ्रू समित्यांचा. वैद्यकीय ज्ञान त्यांच्यापाशी आणि निर्णय दुसऱ्यांपाशी. या असंतोषातून १९०७ मध्ये त्यांची संघटना झाली आणि १९१४ मध्ये स्त्रियांची स्वतंत्र वैद्यकीय सेवा अस्तित्वात आली. म्हणजे नेमलेल्या मंडळापुढे पहिले प्रश्नचिन्ह रोग्याने उभे केले नाही. ते उभे केले तेथे राबणाऱ्या डॉक्टरीण बाईंनी.

नेमलेल्या मंडळाचे दुसरे, अधिक उग्र रूप प्लेगने दाखवले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. मुंबईला निवडून आलेल्या सभासदांची महापालिका होती. तरी त्या वर्षी प्लेगचा कारभार तिच्याकडून काढून ब्रिगेडियर जनरल गटाक्रे यांच्या अध्यक्षतेखालील नेमलेल्या समितीकडे देण्यात आला. पुण्यात रँडची प्लेग कमिटी आली. घरांत शिरून झडत्या, सक्तीने इस्पितळात नेणे, आणि जून १८९७ मध्ये रँडचा वध, हा भाग प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. फारसे बोलले जात नाही ते एवढेच, की त्याच पुण्यात टिळकांनी हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ चालवले, आणि सावित्रीबाई फुले व डॉ. यशवंतराव यांनी हडपसरजवळ रोग्यांची शुश्रूषा केली. त्या शुश्रूषेतच सावित्रीबाईंना १८९७ साली मृत्यू आला. लोकांचा विरोध इस्पितळाला असता तर ही इस्पितळे चाललीच नसती. आपले माणूस कोठे नेले, का नेले, हे सांगण्यास कोणी बांधील नाही, या अवस्थेची लोकांना चीड होती.

या पार्श्वभूमीवर मुंबईने पुढच्या तीस वर्षांत जे केले ते महत्त्वाचे ठरते. १९०७ मध्ये एक कायदा झाला. त्यानुसार शहराच्या पोलिसांच्या खर्चाचा बोजा महापालिकेवरून उतरला, आणि त्याच्या बदल्यात प्राथमिक शिक्षण, लस टोचणे आणि वैद्यकीय मदत ही कामे तिच्याकडे आली. लाठी सरकारकडे गेली आणि शाळा-दवाखाना शहराकडे आला. याच वाटेने पुढे १९२६ मध्ये परळला महापालिकेचे के. ई. एम. रुग्णालय उघडले. त्याला जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्या विश्वस्तांनी अट घातली होती, की तेथील अध्यापक हिंदी असावेत. वैद्यकातील वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखीव असण्याच्या काळातली ही अट होती. शहराच्या मालकीचे रुग्णालय म्हणजे काय, याचे उत्तर मराठी मुलखात कोठे सापडत असेल तर ते येथे. अर्थसंकल्प महापालिकेचा, चर्चा निवडून आलेल्या समितीत, आणि वॉर्डातली गैरसोय दुसऱ्या दिवशी सभागृहात. हा कारभार आदर्श होता असे नव्हे. भरती, बदल्या, कंत्राटे यांत नगरसेवकांचा हात शिरतो, ही तक्रार तेथेही जुनीच आहे. पण निदान हात कोणाचा, हे दिसत होते.

वऱ्हाडात अशी मालकी शहरांच्या हाती आली नाही. १९१९ च्या सुधारणांनी वैद्यक, आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य ही खाती हिंदी मंत्र्यांकडे गेली. १९२२ मध्ये मध्य प्रांतात नगरपालिकांचा नवा कायदा झाला. निवडून आलेले मंडळ काय करू शकते, याचा एक धडा अमरावतीने याच काळात पाहिला. १९२८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. विहीर हा दवाखान्याचाच पहिला दरवाजा आहे, हे पटकीच्या साथी पाहिलेल्या वऱ्हाडाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. वरून नेमलेल्या सभासदांच्या मंडळाने हा निर्णय घेतला असता का, याची कल्पना वाचकांनीच करावी.

स्वातंत्र्यानंतर मोठी रुग्णालये राज्याच्या छत्राखाली एकवटत गेली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे आणि जिल्हा रुग्णालय राज्याकडे, अशी विभागणी ठरली. १५ ऑगस्ट १९८३ रोजी अमरावती महानगरपालिका झाली आणि बडनेऱ्याची स्वतंत्र नगरपालिका तीत विलीन झाली. बडनेरकरांना आपल्या गावच्या नगरसभेत जाऊन बोलण्याची जी जागा होती, ती दहा किलोमीटर दूर गेली. आणि जेथे ती गेली, त्या महानगरपालिकेचाही ‘इर्विन’वर अधिकार नाही.

येथे राज्यघटनेतील एक बारकावा नोंदवण्याजोगा आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आरोग्य व स्वच्छता यांच्याबरोबर रुग्णालये आणि दवाखाने हे शब्द स्पष्ट आहेत. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीतही रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे व दवाखाने यांचा उल्लेख आहे. परंतु ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९२ मध्ये नगरपालिकांसाठी जी बारावी अनुसूची जोडली, तीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा व्यवस्थापन एवढेच आहे. ‘रुग्णालय’ हा शब्दच नाही. राज्यांचे कायदे महापालिकांना रुग्णालये चालवू देतात हे खरे. पण शहराच्या नावे घटनेने जी यादी लिहिली तीत झाडू आला आणि स्टेथोस्कोप राहिला. शब्द गळतो तेव्हा पुष्कळदा त्याच्यामागची जबाबदारीही गळते.

मग स्थानिक माणसाचा या रुग्णालयांशी संबंध राहिला तो नेमलेल्या समित्यांमधून. पहिली ही अभ्यागत समिती. तिने भेट द्यावी, पाहावे, सूचना कराव्यात. आर्थिक अधिकार तिच्याकडे नाहीत. दुसरी रुग्ण कल्याण समिती. हिचा जन्म आपल्या शेजारच्या, मराठी मनाला परक्या नसलेल्या होळकरांच्या इंदुरात झाला. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची भीती पसरली, तेव्हा इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयातील उंदीर आणि घाण हा चिंतेचा विषय झाला. जिल्हाधिकारी सुधिरंजन मोहंती यांनी लोकांच्या मदतीने रुग्णालय स्वच्छ केले, आणि ते तसेच राहावे म्हणून १९९५ मध्ये नोंदणीकृत संस्थेच्या रूपाने समिती आली. तिने शुल्क जमा करावे आणि तो पैसा त्याच रुग्णालयात खर्चावा, ही कल्पना. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ही रचना देशभर नेली आणि ती महाराष्ट्रातही आली. तिचा लाभ झाला हे मान्य केले पाहिजे. गळका नळ, तुटलेली खाट, जळालेला दिवा यांसाठी मंत्रालयाकडे डोळे लावण्याची वेळ त्यामुळे थोडी कमी झाली. परंतु तिच्यावर बसणारे बहुतेक अधिकारी, डॉक्टर आणि पदसिद्ध लोकप्रतिनिधी. ‘रुग्ण’ तिच्या नावात पहिला आहे आणि बैठकीत शेवटचा.

नेमणूक हाच दोष आहे, असा निष्कर्ष येथे घाईने काढू नये. इंग्लंडात १९३० पासून अनेक रुग्णालये स्थानिक नगरसंस्थांकडे होती. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा आली तेव्हा अन्युरिन बेव्हन यांनी ती काढून घेऊन नेमलेल्या मंडळांकडे सोपवली. मंत्रिमंडळातील त्यांचे सहकारी हर्बर्ट मॉरिसन यांनी नगरसंस्थांची बाजू हिरिरीने मांडली होती. बेव्हन यांचे म्हणणे असे, की सर्व देशात सारखी सेवा द्यायची तर मालकी एकाची हवी आणि उत्तर संसदेत मिळायला हवे. न्यूयॉर्कने १९७० मध्ये आपली शहरी रुग्णालये एका स्वतंत्र महामंडळाकडे दिली. त्याचे संचालक नेमलेलेच असतात. मात्र प्रत्येक रुग्णालयाला परिसरातील रहिवाशांचे सल्लागार मंडळ जोडलेले आहे. दोन्हीकडे मंडळे नेमलेली, आणि दोन्हीकडे भांडणेही भरपूर झाली. फरक एवढाच, की तेथे नेमणुकीबरोबर ‘उत्तर कोठे द्यायचे’ हेही ठरवण्याचा प्रयत्न झाला. आपल्याकडे नेमणुकीचा आदेश निघतो. उत्तराचा पत्ता त्यावर नसतो.

आणि तरीही, हा पत्ता कसा लिहावा याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. २००७ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीचा उपक्रम पाच जिल्ह्यांत सुरू झाला: पुणे, ठाणे, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि अमरावती. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राला गुण द्यायचे, त्याचे पत्रक लावायचे, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभे राहून बोलायचे. औषध बाहेरून का आणावे लागले, नर्सबाई का आल्या नाहीत, असे साधे प्रश्न. दान घेणारा माणूस तेथे प्रथमच हिशेब मागणारा झाला. दीडशे वर्षांपूर्वीच्या धर्मादाय दवाखान्याच्या कमिटीत जी खुर्ची नव्हती, ती मंडपातल्या सतरंजीवर मांडली गेली. पण हे झाले खेड्यांत, ग्रामीण अभियानात. बडनेऱ्यासारख्या शहराच्या कडेला राहणाऱ्या, धड खेडे नव्हे आणि धड शहर नव्हे अशा वस्तीच्या वाट्याला ती सतरंजी आली नाही.

शहरांचे तर याहून विचित्र झाले. अमरावती महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षे संपूर्ण शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. म्हणजे केवळ रुग्णालयाची समितीच नेमलेली होती असे नाही; गावचे गावच नेमलेल्या हातात होते. याच काळात, १५ ऑगस्ट २०२३ पासून, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. निर्णय स्वागतार्हच. पण चिठ्ठीचे पैसे लागत नाहीत म्हणून प्रश्न विचारण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. उलट ‘फुकट मिळते आहे ना?’ असे म्हणून तो हिरावला जाण्याचीच भीती अधिक. जुना धर्मादाय दगड तो हाच.

मला मोठ्या सुधारणा सुचवायच्या नाहीत. तो माझा अधिकार नव्हे. साध्या तीन गोष्टी मात्र मागता येतील. प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयाच्या समितीची पुढील बैठक कोणत्या तारखेला आहे, हे सदस्यांच्या नावांखाली लिहिलेले असावे. मागील बैठकीत काय ठरले, त्याचा कागद मराठीत त्याच भिंतीवर लावलेला असावा. आणि सभासदांत निदान दोघे असे असावेत, ज्यांनी गेल्या वर्षभरात त्या रुग्णालयात रोगी म्हणून किंवा रोग्याच्या उशाशी रात्र काढली आहे. याला फार पैसा लागत नाही. नेमणूक सरकारने करावी की लोकांनी, हा वाद चालू द्यावा. पण नेमलेला माणूस पाहुणा आहे की घरचा, हे आधी ठरवावे.

वडील त्या वेळी बरे होऊन घरी आले. निघताना मी पुन्हा त्या फलकापुढे उभा राहिलो. वडिलांनी चष्मा पुसून सगळी नावे वाचली, आणि विचारले, “यातले आपल्याला भेटायला कोणी आले होते का रे?” मी नाही म्हणालो. ते म्हणाले, “मग आपणच जायला पाहिजे होते.”